हरणांना पाय आहेत म्हणे!

काल रात्री गावच्या सुनावणीहून परतले ती डोकं तापवूनच. गाव म्हणजे आमचं अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातलं, एक दुकान, एक चर्च आणि बाकी सगळं जंगल. टेकडीच्या दक्षिण उतारावरचा हेमलॉकच्या सूचिपर्णी झाडांचा पट्टा तोडून तिथे प्लॉट पाडायचेत. कुणीतरी हरणांचं नाव काढलं, तर विकणाऱ्यांचा माणूस म्हणतो, "हरणांना पाय आहेत, जातील दुसरीकडे." आणि निम्मा हॉल हसला!

अहो, जातील कुठे? आजूबाजूला सगळे मेपल. थंडीत त्यांच्यावर पान नसतं, पडेल तो बर्फ थेट जमिनीवर. हेमलॉक बारमाही हिरवा आणि दाट, बर्फही अडवतो आणि वाराही. दीड फुटावर बर्फ साचला की पांढऱ्या शेपटीचं हे हरीण पोटापर्यंत रुततं. मग शरदात साठवलेली चरबी आणि कुरतडलेल्या काटक्या यांवरच वसंतापर्यंत तग धरायचा. पिल्लं आईच्या मागून वाट शिकतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारावर येतात.

गेल्या फेब्रुवारीत शेजारचे आजोबा मला तिथे घेऊन गेले होते. कुत्र्याला घरीच ठेवायला लावलं. बर्फात तुडवून घट्ट झालेल्या अरुंद वाटा, आणि कोवळ्या फांद्यांची टोकं चिंध्या झाल्यासारखी. हरणाला वरचे पुढचे दात नसतात ना, त्यामुळे फांदी कापली जात नाही, ओरबाडून तुटते. झाडांखाली दहा-बारा हरणं बसलेली. एकही उठलं नाही, नुसते कान आमच्याकडे वळले. आजोबांनी माझी बाही धरली आणि पुटपुटले, "इथूनच बघ. आज पळवलंस तर त्यातलं एखादं मार्चमध्ये मरेल."

हे आजोबा शिकारी आहेत बरं का. नोव्हेंबरात बंदूक घेऊन जातात, फ्रीजरमध्ये हरणाचंच मांस. नाकं मुरडा खुशाल. पण काल हॉलमध्ये सगळ्यांत आधी उभे राहिले ते. सांगत होते की मेंढ्यांसाठी जंगल साफ केलं तेव्हा इथली हरणं जवळजवळ संपली होती, मग १८७८ साली न्यूयॉर्कमधून १७ हरणं आणून सोडली. एवढ्यात बोलायची तीन मिनिटं संपली म्हणून घड्याळ दाखवून त्यांना खाली बसवलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला! माझी बाही धरणारा तो हात थरथरत होता.

त्यावर एका बाईंचा उपाय : मका घालू या की! काटक्यांना सरावलेल्या पोटात एकदम मका गेला तर तो आत आंबतो आणि हरीण भरल्या पोटी मरतं. शिवाय इथे हरणांना खाऊ घालणं बेकायदा आहे.

घरं हवीत, मान्य. इथल्या तरुण पोरांना घर परवडत नाही, हेही खरं. पण हे प्लॉट त्यांच्यासाठी नाहीतच, शनिवार-रविवार स्कीइंगला येणाऱ्यांसाठी आहेत. माहितीपत्रकावरच छापलंय! खाली रस्त्याला लागून पडीक शेतं आहेत, तिथे बांधा की. १९७० पासून राज्याचा कायदा आहे, त्यात अशा आसऱ्याचा विचार करावा लागतो. पण तो मोठ्या प्रकल्पांना. थोडेच प्लॉट पाडले की यांची सुटका, मग उरतं ते गावाचं मत.

पुण्यात वेताळ टेकडी वाचवायला रस्त्यावर उतरलेल्या माझ्या मैत्रिणींना हे समजावत बसायला नको. पण काल घरी फोन केला तर भाऊ म्हणतो, "तिकडे जाऊन हरणांसाठी काय भांडतेस?" अरे, मी राहते इथे, कर भरते इथे, मग भांडू कुठे?

आता जरा शांत झालेय. सकाळी आजोबांकडे पोहे घेऊन गेले होते. रात्रीबद्दल एक शब्द नाही, फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी माझी तीन मिनिटं तू घे." तशी घेता येत नाहीत, पण माझी स्वतःची तीन आहेतच. गुरुवारी पुन्हा सुनावणी आहे. मुद्दे कागदावर उतरवून ठेवलेत, आणि त्या पायवाल्या साहेबांच्या अगदी समोरची खुर्ची धरणार आहे.