‘उचलूच नका’ म्हणणं सोपं आहे

नाशिकला बाबांचा फोन दुपारी दोनच्या सुमारास हमखास वाजतो. नुकता कुठे डोळा लागलेला असतो. तरी ते धडपडत उठतात, कारण आईच्या डायलिसिसची वेळ बदलली की सेंटरचा निरोप अशाच कुठल्यातरी अनोळखी नंबरवरून येतो. फोन उचलावा तर, “सर, प्लॉटमध्ये इंटरेस्ट आहे का?”

यावरून आमच्या घरात वाद आहे. आत्या म्हणते, अनोळखी नंबर उचलूच नये. दादा म्हणतो, आपल्याकडे कायदाच नाही, तुमच्या अमेरिकेत बघ.

अमेरिकेत मी बघतेच आहे. जाहिरातीचे कॉल नको असलेल्यांची इथली ‘डू नॉट कॉल’ यादी २००३पासून आहे, माझा नंबर तीत आहे, आणि तरीही माझ्याच एरिया कोडचे खोटे नंबर दाखवून फोन येतात. सरळ धंदा करणारे यादी पाळतात, भामटे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक गोष्ट मात्र इथली मला मनापासून पटते. १९९१च्या कायद्याने ग्राहक स्वतः कोर्टात जाऊन बेकायदा कॉलमागे ५०० डॉलर मागू शकतो, जाणूनबुजून केलेला असेल तर १५००पर्यंत. म्हणजे ज्याची झोपमोड झाली, त्याच्या पदरात काही पडू शकतं. भारतात ही सोय नाही. ती हवी.

पण कायदाच नाही, हे दादाचं म्हणणं चूक आहे. जाहिरातीचे कॉल १४०ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचे असतात. साध्या मोबाइलवरून केले तर तोच नियमभंग. फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम आणखी कडक केले. अशा कॉलची तक्रार करायला आता आधी डीएनडी (जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंदणी) घेतलेलं असावं लागत नाही, आणि तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की त्या नंबरवाल्यावर कारवाई सुरू होते. पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे कॉल बंद, पुन्हा केलं तर जोडणीच तोडतात.

पाच तक्रारी! एका गल्लीतही निघतील. पण आपण चिडतो, नंबर ब्लॉक करतो आणि विसरून जातो. ब्लॉक केल्याने आपली सुटका होते, तो माणूस मात्र पुढच्या घरी फोन लावतो.

म्हणून बाबांना मी सांगितलं, वाद घालू नका, फक्त नंबर आणि तारीख टिपून ठेवा. ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहितात, पेन्सिलने, आकडे मोठे काढून. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी एकेक आकडा वाचून घेते आणि ते १९०९ या तक्रारीच्या नंबरवर मेसेज पाठवतात. मजकूर ठरलेला: काय विकत होता, नंबर, तारीख. पहिल्या रविवारी चार नंबरांना पाऊण तास लागला. आता दहा मिनिटांत होतं.

परवा आत्यानेही दोन नंबर पाठवले. एकाला आठवडा उलटून गेला होता. दुसऱ्याची तक्रार बाबांनीच तिला समोर बसवून, तिच्या फोनवरून करायला लावली.