कावागोए खोटं नाही: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

तुम्ही कळवलंत की माझा लेख वाचून जपानमधल्या, टोकियोजवळच्या कावागोएला गेलात आणि निराश होऊन परतलात. 'छोटं एदो' (एदो म्हणजे टोकियोचं जुनं नाव) म्हणून मिरवणाऱ्या या गावातल्या बहुतेक पेढ्या एदो काळातल्या नाहीतच, तिथे आता रताळ्याचं आइस्क्रीम विकतात, रस्त्यावर मोटारींची रांग. थोडक्यात, हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे, असं तुमचं म्हणणं. मला ते पटत नाही.

पेढ्या मेइजी काळातल्या, म्हणजे एदो काळ संपल्यावरच्या (१८६८ नंतरच्या) आहेत, खरंच. पण त्या तशा का, हीच तर या गावाची गोष्ट. १८९३ च्या आगीत तेराशेवर घरं भस्मसात झाली. जी थोडी वाचली त्यांत ओसावा घराण्याचं १७९२ सालचं, मातीच्या जाड भिंतींचं घर होतं. ते पाहून व्यापाऱ्यांनी आपली दुकानं त्याच पद्धतीने बांधून घेतली. लाकडी सांगाडा, बांबूच्या कामट्या, त्यावर मातीचे थरावर थर, आणि शेवटी घोटून चकचकीत केलेला काळा गिलावा. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांची जाड दारं नीट पाहिलीत का? त्यांच्या कडांना पायऱ्या असतात. दारं मिटली की त्या एकमेकींत बसतात आणि ज्वाळेला फट मिळत नाही. घंटेचा लाकडी मनोराही आगीत गेला होता, तो पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला.

त्या काळी टोकियोत, निहोनबाशी या व्यापारी भागातल्या बड्या व्यापाऱ्यांच्या पेढ्याही अशाच काळ्या असत. १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बॉम्बफेक यांत तिथली ती बाजारपेठ नाहीशी झाली. एदोचा व्यापारी रस्ता कसा दिसत असेल याची कल्पना आज टोकियोपेक्षा कावागोएत जास्त येते. मग या गावाने ते नाव लावलं तर खोटं काय?

आता दुकानांबद्दल. ही बाजारपेठच होती हो! शिनगाशी नदीतून इथला माल होड्यांनी एदोला जायचा. पुढे गिऱ्हाईक रेल्वे स्टेशनांकडे सरकलं, ही जुनी पेठ ओस पडू लागली, काही पेढ्या पाडल्याही गेल्या. १९८३ मध्ये तरुण व्यापारी आणि इतर रहिवाशांनी संघटना काढली, तेव्हा त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: धंदा चालला तरच पेढ्या टिकतील. नवं बांधकाम शेजाऱ्याशी जुळतं कसं ठेवायचं याचे नियम त्यांनी स्वतः ठरवले. विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या. सरकारने हा भाग संरक्षित म्हणून निवडला तो १९९९ मध्ये, म्हणजे लोकांनी हात घातल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आइस्क्रीम विकणाऱ्याचं भाडं त्या भिंतींच्या डागडुजीला हातभार लावत असेल, तर मला ते आइस्क्रीम गोडच वाटतं. आणि रताळं तिथलं जुनंच पीक आहे.

मोटारींबाबत मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. इतक्या चिंचोळ्या रस्त्यावर एवढी वाहतूक असू नये. मान वर करून छपरावरची भलीमोठी कौलं पाहावीत, तर जीव मुठीत धरावा लागतो. निदान सुट्टीच्या दिवशी तो रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा असायला हवा.