शिवणक्लास झाला, आता उधारी कशी वसूल करायची ते कोण शिकवणार?

बायकांच्या रोजगार प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्र वाटपाचे फोटो सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतायत. शिवणक्लास, ब्युटी पार्लर, मसाला-चटणी. कौतुक आहेच. पण यातले कितीतरी धंदे वर्षभरात गुंडाळले जातात, आणि हात वाईट म्हणून कुणाचा बंद पडलेला मी तरी बघितला नाही. गाडी अडते ती पैसे मागताना.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझी एक मैत्रीण ब्लाऊज शिवते. महाद्वार रोडवरून अस्तर, हुक, दोरा, लेस रोखीनं आणायची. गिऱ्हाईक कोण? नणंदेची जाऊ, शेजारच्या काकी, भिशीतल्या बायका. "असू दे की वैनी, पुढच्या भिशीला देतो!" झालं, वहीत आणखी एक नाव. वही उघडली तर निम्मं पान नात्यातल्यांचं. दर ठरवताना अस्तर धरते, लाईटबिल धरत नाही, स्वतःचे तीन तास तर नाहीच नाही. घरच्यांच्या मते ती "घरात बसूनच तर शिवते", त्यामुळं पाव्हणे आले की पहिली मशीन थांबते.

पिको-फॉलच्या मशीनसाठी बँकेत गेली. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत सगळ्यात लहान कर्जाच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत तारण लागत नाही, तरी काउंटरवर पहिला प्रश्न, "मिस्टर आले नाहीत?" शेवटी बचत गटातून कर्ज काढलं. गटाचा हप्ता ठरल्या तारखेला जातो, उधारीला मात्र तारीखच नसते. यंदा लग्नसराईत तिनं पाटी लावली, निम्मे पैसे आधी. दोघी-तिघी रुसल्या, सासूबाईही.

आणि एका गल्लीतल्या सगळ्यांना एकच कोर्स देऊन काय साधतं? सगळ्यांनीच पार्लर काढलं तर भुवया कुणाच्या कोरायच्या? कांदा-लसूण चटणीचंही तेच. इथं घरोघरी उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, खरं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत. तिथवर तेल न गळता पाकीट कसं पोचवायचं, हे वर्गात किती जणींना शिकवतात?

आरसेटीच्या, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेच्या, प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. तो "धंदा चालू आहे ना ताई?" असा फोन करून उरकू नका. घरी जा, वही मागा, येणं किती थकलंय ते बघा, आणि दर ठरवताना तिच्या शेजारी बसा. नवरा, सासू घरात असतानाच बसा.