आधी साठ ठरवा, मग सूत्र शोधा

एमडीच्या प्रबंधाचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, जमा करायची तारीख उद्यावर आली आणि ‘सॅम्पल साइज’ (किती पेशंट घेणार) या मथळ्याखालची जागा अजून कोरी असेल, तर घाबरून जाऊ नका. हा आकडा काढायचा नसतो, तो असतोच. साठ. खात्री नसेल तर सोलापूरच्या नव्या पेठेत चहा पाजून एखाद्या सिनियरला विचारा. तो म्हणेल, ‘किती विचार करलालास बे? साठ टाक की.’ त्याच्या सिनियरनेही साठच टाकले होते. तीस इकडे, तीस तिकडे. तीसच का? तिसाच्या वर गेलं की सगळं ‘नॉर्मल’ होतं, असं कुठल्या तरी लेक्चरला सांगितलेलं असतं. नेमकं काय नॉर्मल होतं ते सांगितलं तेव्हा तुम्ही कॅज्युअल्टीत ड्युटीवर होता.

आता उरलं फक्त सूत्र. समजा, रक्तदाबाच्या दोन औषधांची तुलना करायची आहे. रीडिंगचं एसडी (रीडिंग सरासरीच्या आजूबाजूला किती पसरतात ते) १० आणि औषधांत निदान ५ मिलिमीटरचा फरक असला तर तो पेशंटच्या कामाचा. पॉवर (असलेला फरक हाती लागण्याची शक्यता) ८० टक्के, अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ५ टक्के धरला की ढोबळ हिशोब तोंडी होतो: सोळाला एसडीच्या वर्गाने गुणा, फरकाच्या वर्गाने भागा. १६०० भागिले २५. एका गटात ६४, दोन्ही मिळून १२८. बघितलंत? सूत्र चुकलं!

दुरुस्ती मात्र अगदी सोपी. अपेक्षित फरक ५ ऐवजी ८ लिहा. १६०० भागिले ६४ म्हणजे २५, मधेच सोडून जाणारे पाच धरा, झाले तीस. औषध तेच, पेशंट तेच, फक्त तुमची औषधावरची श्रद्धा वाढली. खरा फरक पाचाचाच असेल, तर तीस-तीस पेशंटांत तो हाती लागण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमीच उरते. पार्क मैदानावर जाऊन टॉस केला असता तरी तेवढंच कळलं असतं, पण टॉसवर एमडी मिळत नाही. फरक सापडला नाहीच, तर निष्कर्षात ‘दोन्ही औषधं सारखीच’ असं ठोकून द्या. ‘आम्हाला फरक दिसला नाही’ हे जास्त खरं, पण फार पडेल वाटतं.

सर्व्हे करणार असाल तर मौज आणखी. आपल्याकडचं लाडकं सूत्र म्हणजे चार पीक्यू भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आजाराचं अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, आणि एल म्हणजे तुम्हाला किती चूक चालेल ते. पी दहा टक्के धरा. चूक पीच्या वीस टक्के, म्हणजे २ धरली, तर ९०० माणसं लागतात. सरळ ५ धरली तर १४४. सरळ १० धरली तर ३६, म्हणजे दोन ओपीडींत काम तमाम. या छत्तिसांच्या जोरावर तुम्ही जगाला सांगाल की आजार शून्य ते वीस टक्के यांच्यामध्ये कुठेतरी आहे. हे सात रस्त्यावर उभं राहून, एकालाही सुई न टोचता सांगता आलं असतं. पण मग एथिक्स कमिटीचं पत्र कुठून मिळणार?

पी कुठून आणायचा, असं विचारताय? मागच्या पेपरांतून. पाच पेपर उघडले की पाच वेगवेगळे पी सापडतात. जो परवडेल तो घ्या. तो इथिओपियातल्या शाळकरी मुलांचा असला आणि तुमचा अभ्यास सोलापूरच्या पूर्व भागातल्या बायकांचा असला, तरी ॲनिमिया तो ॲनिमियाच.

काहीच सापडलं नाही तर पी पन्नास धरा. एल पाच. उत्तर ४००. चारऐवजी १.९६ चा वर्ग घेणाऱ्या काटेकोर मंडळींचं ३८५. इथे प्रबंधाचे गाइड हमखास विचारतात, ‘साडेनऊ लाखांच्या शहराला चारशे पुरतील?’ (२०११ च्या जनगणनेत सोलापूर तेवढंच होतं.) पुरतात, आणि अख्ख्या भारतालाही जवळपास तेवढेच पुरतात. किती लोकसंख्येला किती नमुना, हे सांगणारा क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता दहा लाखांच्या ओळीवर ३८४ वर थांबतो. पण हे खरं असल्यामुळे कुणाला पटत नाही. त्यापेक्षा ‘लोकसंख्येच्या दहा टक्के घेतो’ म्हणा. ते भारदस्त वाटतं, आणि ती पंच्याण्णव हजार माणसं कुठून आणणार हे कुणी विचारत नाही.

चारशेला एक बारीक अट आहे, ती मनातल्या मनात वाचा: निवड रँडम हवी. रँडम म्हणजे मनाला येईल तसं, हे आपल्याकडे ठरून गेलंय. तेव्हा विषय विडी कामगार महिलांचा असेल तर रिक्षा करून कुंभारीच्या घरकुलात जा आणि हाताला लागतील त्या चार-दोन गल्ल्यांत आकडा पुरा करा. बाई सूप मांडीवर घेऊन बसलेली असेल. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तुमच्यासाठी हात थांबणार नाहीत. मजुरी हजार विड्यांवर मिळते, तुमच्या बावीस पानी प्रश्नावलीवर नाही. तुम्ही मराठीत विचारता, ‘आठवड्यातून पालेभाजी किती वेळा?’ मुलगी तेलुगूत सांगते. बाई मान वर न करता चार वाक्यं बोलते. मुलगी म्हणते, ‘खाते म्हणे.’ तुम्ही तिसऱ्या चौकोनात टिक करता.

एका गल्लीतल्या वीस घरांचं पाणी एक, रेशनचं दुकान एक, डॉक्टर एक. उत्तरंही मग एकमेकींना धरूनच येतात. हे धरून असणं ०.०५ इतकं किरकोळ मानलं, तरी वीस-वीसच्या घोळक्यांनी घेतलेल्या चारशे बायका सुट्या निवडलेल्या २०५ बायकांएवढीच माहिती देतात. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात, इथे तो १.९५. जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण सर्व्हेत तीस क्लस्टर, म्हणजे घोळके, आणि प्रत्येकी सात मुलं अशी २१० ची रीत होती. सुटी निवडली तर ९६ मुलं पुरली असती, तिच्यात त्यांची जवळपास दुप्पट याच कारणाने धरलेली होती. आपण त्यातला तीस तेवढा उचलला.

एवढं करूनही कुणी कुरकुर केली तर आकडाच प्रचंड करून टाका. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत स्टॉल मांडा आणि दोन हजार यात्रेकरूंची शुगर तपासा. ज्यांना आधीच शंका आहे तेच बोट पुढे करतील, पण दोन हजार म्हटल्यावर कोण बोलतंय? सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की फार लहान वाफे मोजले की उत्पन्न फुगून दिसतं, कारण कडेची रोपं मोजणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात. असले वाफे हजारोंनी वाढवले तरी फुगवटा जात नाही. हे परीक्षेला येत नाही, सोडून द्या.

बायोस्टॅटच्या, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्राच्या, सरांना भेटायचंच असेल तर डेटा गोळा झाल्यावर भेटा, शक्यतो बाइंडिंगच्या आदल्या संध्याकाळी. आधी गेलात तर ते सूत्र देणार नाहीत, उलट विचारतील: ‘किती फरक दिसला तर तू उद्यापासून औषध बदलशील?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नसतं, ते पेशंट तपासणाऱ्यानेच द्यायचं असतं. सॅम्पल साइज काढून देणारं जी-पॉवर हे सॉफ्टवेअर असलं काही विचारत नाही. इफेक्ट साइजच्या (फरक भागिले एसडी) चौकटीत ०.५ आधीच भरून ठेवलेलं असतं, तुम्ही फक्त बटण दाबायचं. साठाच्या वर गेलं तर ०.८ करून पुन्हा दाबायचं.

पी व्हॅल्यू (हा वरचा पी नव्हे, तर फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या काठावर अडकली तर कुणीतरी ‘पोस्ट-हॉक पॉवर’, म्हणजे मिळालेल्याच फरकावरून मागाहून काढलेली पॉवर, मागेल. देऊन टाका. ती पी व्हॅल्यूचीच दुसरी बाजू आहे: पी बरोबर ०.०५ असेल तर ती पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. नवं काहीच कळत नाही, पण टेबलात एक ओळ वाढते.

राहता राहिली व्हायवा. बाहेरून आलेल्या परीक्षकांना, म्हणजे एक्स्टर्नलांना, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठायची असते, त्याआधी चादरी घ्यायच्या असतात. तरीही ‘साठच का?’ आलंच, तर ‘लिमिटेशन्स’चं पान उघडून दाखवा. तिथे ‘नमुना लहान होता, मोठ्या नमुन्यावर पुढील अभ्यास व्हावा’ हे वाक्य पहिला पेशंट घेण्याआधीच टाइप करून ठेवा. मोठा म्हणजे किती, ते मात्र लिहू नका.