इंग्रजीत ‘सीक्रेट’ लिहिणाऱ्यांस काही सूचना

इंग्रजीत लिहिणाऱ्या, आणि त्याहूनही अधिक उत्साहाने दुसऱ्याचे इंग्रजी सुधारून देणाऱ्या, सर्व सुज्ञांस प्रथम हे सांगणे आवश्यक आहे की ‘सीक्रेट’ हा शब्द आता शाळकरी मुलांसाठी सोडून द्यावा. जो शब्द वाचकाला पहिल्याच वाचनात कळतो, त्याने लेखकाची विद्वत्ता दिसत नाही. ‘प्रगत शब्दसंग्रहा’च्या याद्या हल्ली फुकट मिळतात. त्यांच्या एका रकान्यात बिचारे ‘सीक्रेट’ एकटे उभे असते आणि समोरच्या रकान्यात क्लॅन्डेस्टिन, कॉव्हर्ट, सरेप्टिशस, फर्टिव्ह, ऑकल्ट, लेटन्ट असे सारे भारदस्त शब्द स्वल्पविरामांनी जोडलेले असतात. मध्ये स्वल्पविराम आहे, त्या अर्थी दोन्ही बाजूंचा अर्थ एकच, असे खुशाल समजावे.

‘कॉव्हर्ट’ आणि ‘क्लॅन्डेस्टिन’ यांपैकी जो शब्द वाक्यात अधिक शोभेल तो घ्यावा. अमेरिकी लष्कराच्या परिभाषेत कॉव्हर्ट कारवाईमध्ये ती कोणी करविली हे लपविले जाते, तर क्लॅन्डेस्टिन कारवाईमध्ये ती घडली हेच लपविले जाते. पूल उडाल्याचे साऱ्या जगाला दिसले, पण उडविणारा कोण हे सिद्ध करता आले नाही, तर ती पहिली. कोणी येऊन गेल्याचा पत्ताच लागला नाही, तर ती दुसरी. परंतु अशा क्षुल्लक भेदांत हेरांनी पडावे, आपण लेखक आहोत.

कागद अत्यंत महत्त्वाचा वाटावा अशी इच्छा असेल, तर त्यावर मोठ्या अक्षरांत ‘कॉन्फिडेन्शियल’ असे छापावे. अमेरिकेत 2009 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानुसार सरकारी गुप्ततेच्या तीन पायऱ्या आहेत. माहिती फुटल्यास राष्ट्रीय सुरक्षेचे नुकसान होणार असेल तर कॉन्फिडेन्शियल, गंभीर नुकसान होणार असेल तर सीक्रेट, आणि असाधारण गंभीर नुकसान होणार असेल तर टॉप सीक्रेट. म्हणजे ज्या ‘सीक्रेट’ला आपण बाळबोध म्हणून हाकलले, ते तेथे ‘कॉन्फिडेन्शियल’च्या वरच्या पायरीवर बसलेले आहे. ब्रिटनने तर 2014 मध्ये आपल्या वर्गवारीतून ‘कॉन्फिडेन्शियल’ ही पायरीच काढून टाकली. असो, ठळक छपाईत शब्द चांगला दिसतो.

न्यायालयाची सुनावणी ‘इन कॅमेरा’, म्हणजे बंद दाराआड, झाली असे कळताच तिचे चित्रण कोठे पाहायला मिळेल, अशी चौकशी आवर्जून करावी.

‘डिस्क्रीट’ चौकशी करायची असेल तर स्पेलिंगमधील (discreet) शेवटचा ‘ई’ ‘टी’च्या नंतर न्यावा (discrete), म्हणजे चौकशी गुपचूप न होता सुटी सुटी होईल.

‘लेटन्ट’ आणि ‘कन्सील्ड’ यांची अदलाबदल विशेषतः वैद्यकीय मजकुरात करावी. लेटन्ट क्षयरोगात जंतू शरीरात सुप्त असतात. रुग्णाला लक्षणे नसतात आणि त्याच्यापासून इतरांना संसर्गही होत नाही. त्यात कोणी काही लपविलेले नसते. ‘कन्सील्ड’ म्हटले की मात्र लपविणारा माणूस आलाच, आणि विम्याच्या व्यवहारात ‘कन्सीलमेन्ट’ हा शब्द आला की दावा नाकारला जाण्याची वेळ येते. एका शब्दाच्या बदलाने निरपराध रुग्णाला लबाड ठरविता येते, ही सोय थोडी नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. एकच शब्द दोनदा आला की तो बदलावा, मग तो मजकूर कोणाविषयी आहे, हे पाहू नये. अलीकडेच एका दिवंगत गृहस्थांच्या स्मरणपुस्तिकेसाठी मी काही इंग्रजी परिच्छेद लिहून दिले होते. हे गृहस्थ गरजू विद्यार्थ्यांचे शुल्क भरत आणि या हाताचे त्या हाताला कळू देत नसत. मी साध्या इंग्रजीत तसेच लिहिले होते आणि ‘सीक्रेटली’ हा शब्द एकाहून अधिक वेळा आला होता, हे मान्य. पुस्तिकेची भाषा तपासणाऱ्या विद्वानांना ते दारिद्र्य पाहवले नाही. छापून आलेल्या पुस्तिकेत हे गृहस्थ ‘सरेप्टिशसली’ शुल्क भरतात, पालकांना ‘फर्टिव्ह’ भेटी देतात, शाळेत ‘स्टेल्दिली’ जातात, आणि मुलांनी शिकावे हा त्यांचा ‘अल्टिरिअर’ हेतू असतो! ‘फर्टिव्ह’ हा शब्द लॅटिनमधल्या चोर या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. ‘सरेप्टिशस’च्या मुळाशी चोरून काढून घेणे आहे. ‘स्टेल्थ’ तर ‘स्टील’चेच भावंड, म्हणजे पुन्हा चोरी. ‘अल्टिरिअर’ हेतू म्हणजे सांगितलेल्या हेतूच्या आड दडलेला, आणि वापरात जवळजवळ नेहमीच संशयास्पद. आयुष्यभर ज्यांनी केवळ दिले, त्यांच्यावर मरणोत्तर तीन चोऱ्या आणि एक कारस्थान लादले गेले, तेही श्रद्धांजलीच्या पानावर आणि त्यांच्या छायाचित्राखाली. त्यांच्या मुलीने ते वाचून मला विचारले की बाबांविषयी असे का लिहिलेत. मी काय सांगणार होतो? लेखाखाली नाव माझे होते. सुधारकांना जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, “अहो, सगळे समानार्थीच शब्द आहेत, यादी पाहा.” यादी! माणसाचा शोक, त्याची कृतज्ञता, त्याची कीर्ती, सारे काही त्या दोन रकान्यांच्या हवाली करून हे महाशय चहाला मोकळे!

उपरोध आता पुरे झाला. कोणी लपविले, कोणापासून लपविले, आणि लाजेने, भीतीने, कपटाने की सौजन्याने लपविले, हे सांगण्यासाठी इंग्रजीत हे निरनिराळे शब्द आहेत. त्यांतल्या काहींचा लपविण्याशी संबंधही नाही, ते केवळ न दिसण्याविषयी आहेत. मलातील ‘ऑकल्ट’ रक्त कोणी तेथे दडवून ठेवलेले नसते, ते डोळ्यांना दिसत नाही इतकेच. याद्या करणाऱ्यांनो, शब्दापुढे एक उदाहरणवाक्य देण्याचेही कष्ट तुम्ही घेत नाही आणि वर त्याला शिक्षण म्हणता, हा निव्वळ आळस आहे. आणि भाषा सुधारणाऱ्यांनो, जो शब्द तुम्ही कोणत्याही वाक्यात कधी वाचलेला नाही, तो दुसऱ्याच्या लेखात घुसविण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? शब्दकोश उघडायला दोन मिनिटे लागतात, लेखकाला विचारायला त्याहूनही कमी. यांतले काहीच करायचे नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुराला हात लावू नका.