शाळा बांधताना आधी काय पक्के करावे

शाळेच्या नव्या इमारतीची चर्चा सुरू झाली की ‘लवचीक’ हा शब्द हमखास येतो आणि त्यापाठोपाठ घडीच्या भिंतींचे चित्र समोर ठेवले जाते. अशा एका भिंतीला लागून असलेल्या वर्गात मी तीन वर्षे शिकवले आहे. ती उघडायला दोन माणसे लागत, खालच्या रुळात खडूची भुकटी आणि पेन्सिलींचे तुकडे अडकून बसत, आणि भिंत बंद असली तरी पलीकडच्या वर्गातले पाढे अलीकडे स्पष्ट ऐकू येत. दुसऱ्या वर्षी कोणीतरी तिला टेकवून कपाट ठेवले, ते मी असेपर्यंत हलले नाही.

तेव्हापासून माझे मत पक्के होत गेले की, इमारतीत कधीच बदलता येणार नाही ते आधी विचारपूर्वक ठरवावे, म्हणजे बाकीचे बदलणे सोपे जाते. खांब, तुळया, मजल्याची उंची, खिडक्यांच्या जागा आणि सांडपाण्याचे नळ अनेक दशके जिथल्या तिथेच राहतात. छताचा भार खांबांवर घेतला आणि वर्गांमधल्या भिंती केवळ आडोशापुरत्या ठेवल्या, तर पुढे दोन वर्गांची एक प्रयोगशाळा किंवा एका वर्गाच्या दोन लहान खोल्या एका सुट्टीत होऊ शकतात. तीच भिंत भार पेलणारी असेल तर तो विषय तिथेच संपतो. सांगाडा वेगळा आणि आतली मांडणी वेगळी, हा विचार डच वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ साली घरांच्या संदर्भात मांडला होता, पण तो शाळेला अधिक लागू पडतो असे मला वाटते, कारण शाळेत माणसे दरवर्षी बदलतात.

आरोग्याचा प्रश्नही नवा नाही. क्षयरोगाच्या भीतीतून १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी जंगलात खुली शाळा सुरू झाली आणि १९३० च्या दशकात पॅरिसजवळच्या स्युरेन येथे तीन बाजूंच्या काचा घडी होऊन पूर्ण उघडतील असे वर्ग बांधले गेले. पुढे प्रतिजैविके आली आणि मोकळ्या हवेचे महत्त्व मागे पडले; २०२० च्या साथीने ते पुन्हा समोर आणले. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते, तर दारे-खिडक्या बंद करून चाळीस मुले बसवलेल्या वर्गात एकाच तासिकेत ते २,००० च्या पुढे सहज जाते. एकमेकांनी सोडलेली हवा मुले किती प्रमाणात पुन्हा घेत आहेत, हे त्या आकड्यावरून कळते. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या आणि पावसातही उघड्या ठेवता येतील अशा उंचावरच्या झडपा असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मोकळेपणालाही मर्यादा आहेत. १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटन व अमेरिकेत भिंतींशिवायच्या शाळा उत्साहाने बांधल्या गेल्या आणि गोंगाटामुळे पुढे त्यांतल्या अनेकांत भिंती परत घालाव्या लागल्या. रिकाम्या वर्गात आवाज साधारण ०.६ सेकंदांत विरावा, असा एक प्रचलित निकष आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी तो समजणे आणि न समजणे यांतला फरक असतो. गोंधळ असह्य होणाऱ्या मुलाला मजल्यावर एक शांत, लहान खोली हवी. चाकाच्या खुर्चीला वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते आणि बारा फुटांत एक फुटापेक्षा जास्त न चढणारा उतार लागतो; एवढी जागा नंतर कुठून काढणार?

अंदाजपत्रक कमी करायची वेळ येते तेव्हा बहुधा आवाज शोषणारे छत आणि दुसऱ्या बाजूच्या खिडक्या यांच्यावर आधी काट मारली जाते आणि घडीची भिंत टिकून राहते, कारण ती चित्रात छान दिसते. बैठकीला बसणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, काट मारायचीच असेल तर ती त्या भिंतीवर मारायला सांगा.