काका, तिच्या नवऱ्याचं तुम्हाला काय करायचंय?

हनुवटीला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला मशीन. फिजिओथेरपीत मान ताणणारं हे ट्रॅक्शन लावलं की छताकडे बघण्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून मी पुस्तक घेऊन जाते. दोन्ही हात वर करून वाचते. त्याने मान सुधारते की आणखी बिघडते, हे डॉक्टरांना मुद्दामच विचारलेलं नाही.

पुस्तक होतं सुजाता मॅसी यांचं 'द विडोज ऑफ मलबार हिल'. आलं २०१८ साली, मला आत्ता सापडलं. १९२१ ची मुंबई. परवीन मिस्त्री वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर. बाई असल्यामुळे कोर्टात उभी राहू शकत नाही, म्हणून कागदपत्रं बघते. मलबार हिलवरच्या बंगल्यात एका गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. तिथे त्यांच्या मुखत्याराचा खून होतो, आणि पोलिसांना पडद्याआड जाता येत नाही. परवीनला येतं! मी मान विसरले.

"काय वाचताय?" शेजारच्या कॉटवरून आवाज आला. गुडघ्यांना शेक घेणारे काका. माझं डोकं वळत नव्हतं, त्यामुळे हा सगळा संवाद मी छताशी केला आहे.

"डिटेक्टिव्ह कादंबरी."

"डिटेक्टिव्ह कोण?"

"परवीन."

"म्हणजे बाई." थोडा वेळ मशीनची घरघर. "लग्न झालंय?"

पुरुष डिटेक्टिव्ह जन्मभर एकटा राहिला तर तो बुद्धिमान. असो. पट्ट्यामुळे दात आवळून मी म्हटलं, "झालंय. नवरा कलकत्त्याला. सोडलाय तिने."

"का?"

"सासू पाळीच्या दिवसांत कोंडून ठेवायची. नवऱ्याने हात उचलला."

"हं. त्याचं म्हणणं घेतलं का?"

"काका, कादंबरी आहे ती."

"असू दे ना. मी दिवाणी कोर्टात नाझर होतो. समोरच्याला नोटीस नाही, म्हणणं नाही, म्हणजे सगळं एकतर्फी झालं. मूलबाळ?"

"नाही."

"मग तडजोडीला वाव आहे."

तडजोड! कागदावरच्या नवऱ्यासाठी हा गृहस्थ शंभर वर्षं मागे जाऊन मध्यस्थी करायला निघाला होता. मुखत्यार मरून पडलाय, त्याची चौकशी नाही. मला मानेने नकार देता येत नव्हता, आणि गप्प बसले तर ती संमती धरली जात होती. "मुलीचे वडील वकील ना? त्यांनी दोघांना समोर बसवायचं," वगैरे. घटस्फोट घ्यायचा तरी त्या काळच्या पारशी कायद्यात बायकोसाठी तो किती अवघड होता, हे मी सांगायला गेले, तर म्हणाले, "बघा, कायदासुद्धा संसाराच्याच बाजूचा."

परवीन ज्यांच्यावरून सुचली त्यांपैकी एक कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी हातात पडली १९२२ मध्ये. १९२० पर्यंत तिथे बायकांना पदवीच देत नसत. तीस वर्षं! आपल्याकडे बायकांना वकिली करू देणारा कायदा आला १९२३ मध्ये. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांचं लग्न झालं होतं का?"

खरं सांगू, हसू येतं, पण रागही येतो. पलीकडे एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांना कोणी हटकलं नाही. बाईच्या हातात पुस्तक दिसलं की ती रिकामी बसलेली वाटते. घरी, ट्रेनमध्ये, आणि आता गळ्याला दोरी बांधलेली असतानाही.

मग काकांनी हात लांब केला. "जरा बघू." पुस्तक गेलं. पानं उलटल्याचा आवाज आला, तोही थेट शेवटाकडचा.

"आरोपी सांगू?"

मी ओरडले. फिजिओ करणारी मुलगी धावत आली, तिला वाटलं ताण जास्त झाला, आणि तिने मशीनची ओढ कमी केली. तेवढ्यात काकांची वेळ संपली. "वाचून आणून देतो," म्हणाले आणि माझं पुस्तक घेऊन निघाले.

त्यांचे गुडघे बरे झाले. ते आता येत नाहीत. शेवटची काही प्रकरणं माझी वाचायची राहिली आहेत, आणि रिसेप्शनवरची मुलगी पेशंटचा नंबर देत नाही. नियमच आहे म्हणे. मात्र परवा तिने त्यांचा निरोप दिला: "काका विचारत होते, मॅडमकडे दुसरा भाग आहे का? त्यात नवरा परत येतो का, ते त्यांना बघायचंय."